पाणोशीच्या वहीतलं एक पान

तांडेल मास्तरांनी मारलेली गाठ आमच्या शाळेत कुणाला सुटत नसे. नकाशा टांगायची दोरी असो नाहीतर परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा, त्यांचा हात लागला की हेडमास्तर कात्री मागवत. "अहो तांडेल, पेपर बांधायचेत, गलबत नव्हे," असं हेडमास्तर दर परीक्षेला म्हणत. मास्तर दर परीक्षेला "चुकलं सर" म्हणत आणि पुढच्या गठ्ठ्याला पुन्हा तशीच गाठ मारत. सैल बांधणं त्यांच्या हातांना येतच नसे, बिचारे काय करणार?

बऱ्हाणपूरच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि मी गणित. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं, त्या वेळची ही गोष्ट. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या, तेवढाच खरं तर माझा त्यांच्यावर हक्क. मला ते नावानं कधीच हाक मारत नसत. "काय गणितवाले" म्हणायचे.

माणूस काळासावळा, रुंद खांद्यांचा. बंद गळ्याचा कोट उन्हाळ्यातही अंगावर असे. उभे राहताना पाय जरा फाकवून उभे राहत, जणू पायाखालची जमीन केव्हाही हलेल. तांडेल हे आडनाव आमच्याकडे कुणी ऐकलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, "होडीवरचा कारभारी असतो, त्याला तांडेल म्हणतात," आणि लगेच पावसापाण्याचं काहीतरी काढत. मुंबईच्या बंदराजवळ पाणोशी नावाचा साठेक घरांचा कोळीवाडा होता, तिथले ते. गोदी वाढवायची म्हणून सरकारनं तो कोळीवाडा उठवला, एवढं आम्हाला ऐकून ठाऊक होतं. का कुणास ठाऊक, मास्तर मात्र समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब येऊन राहिले होते. गावातल्या राजपुऱ्यात एका शेटजींच्या घरी वरची खोली भाड्यानं घेतली होती. लग्न केलं नव्हतं. शेटजींच्या घरात कांदासुद्धा चालत नसे, म्हणून या कोळ्याच्या मुलानं मासळीही सोडली होती.

आणि तरी सकाळी शाळेत आले की पंचांगाकडे बघून मनाशी काही पुटपुटायचे. एकदा मी विचारलंच. म्हणाले, "आज पंचमी. तिथीची पाऊणपट करायची. पाच पाऊणे पावणेचार. तिकडे आज पावणेचारला पाणी भरेल." हिशेब मी तपासला, बरोबर होता. पण बऱ्हाणपुरात पावणेचारला काय भरायचं? शाळा सुटायची वेळ फार तर. आमच्या करीम शिपायाला ही मोठी गंमत वाटे. घंटा द्यायच्या आधी तो दारातून डोकावून विचारायचा, "मास्टरसाब, आज भरती कितने बजे?" मास्तर खरोखर वेळ सांगत. करीम हसे. मास्तर हसत नसत.

भूगोलाच्या पुस्तकात समुद्राचा धडा होता. दरवर्षी त्या आठवड्यात मास्तरांचा घसा बसे. "गणितवाले, एवढा धडा घ्या हो." मी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. नर्मदेपलीकडे गेलो नाही आणि मुंबई तर नकाशातच. तरी मी तो धडा चार वर्षं शिकवला. पाचव्या वर्षी एका पोरानं मला उभं राहून विचारलं, "सर, समंदर किती मोठा राह्यते? तापीच्या पुराएवढा?" मी ठोकून दिलं, "त्याच्याही दुप्पट." मागं दारात मास्तर उभे होते. मला वाटलं, आता हसतील. ते आत आले, त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळ, पूर उतरतो. तो उतरत नाही." मग घसा बसल्याचं आठवून बाहेर निघून गेले.

नारळी पौर्णिमेला मात्र ते शाळेतून अर्धी रजा घ्यायचे आणि राजघाटावर जायचे. एका वर्षी मीही मागोमाग गेलो. श्रावणातली तापी, गढूळ पाणी दोन्ही काठांना लागलेलं. तिथं दगडू भोई नाव चालवायचा. मास्तर नारळ पाण्यात सोडत होते, तेव्हा तो त्यांना म्हणाला, "मास्तर, एक इचारू का? हा नारळ तापीमायचा का समिंदराचा?"

"समुद्राचा."

"मंग माय नुसती हमाल झाली म्हना की. तिले बी एक द्या ना. नाराज होईन ती."

मास्तर खरोखर विचारात पडले. दुसऱ्या वर्षापासून दोन नारळ नेऊ लागले. दगडूला मोठा मान मिळाल्यासारखं झालं, गावभर सांगत फिरला.

मास्तर काहीतरी लिहितात हे मला शेजारी बसून दिसतच होतं. मोकळ्या तासाला जाड पुठ्ठ्याची एक वही निघायची. मी डोकावत नसे, पण एक दिवस त्यांनीच ती माझ्यापुढे सरकवली. "जरा पट्टी-कंपास घेऊन हे पडताळून द्याल का? तुमच्या विषयातलं आहे."

वहीवर लिहिलं होतं, 'पाणोशीची हकीकत'. गाव कुणी वसवलं, विहीर कुणी खणली, देवी कुठून आली, पटकीच्या साथीत कोण गेलं, कुणाच्या लग्नात मांडव जळाला, सगळं त्यात होतं. पण अर्धी वही भरली होती ती समुद्रातल्या जागांनी. समुद्रातही जागा असतात, हे मला तेव्हा प्रथम कळलं. पाणोशीचे कोळी समुद्राच्या तळाशी ताडाचे उंच खुंट ठोकत आणि दोन खुंटांच्या मध्ये जाळं बांधत. भरती-ओहोटीबरोबर मासळी आपोआप जाळ्यात येई. कोणत्या घराचे खुंट कुठं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. प्रत्येक जागेला नाव. बापाकडून लेकाकडे जायची, जावयाला दिली जायची, तिच्यावरून भांडणं व्हायची. आपल्याकडे शेतावरून होतात तशी. पाण्यावर दगड रोवता येत नाही, म्हणून जागेची खूण किनाऱ्यावरून घ्यायची. देवळाचा कळस आणि मागच्या चिंचेचा शेंडा एका रेषेत आले आणि दुसऱ्या अंगाला टेकडी आणि जुना बुरूज एका रेषेत आले की तिथं थांबायचं. त्या दोन रेघा छेदतात तिथं आपला खुंट. हे सगळं मास्तरांनी आठवणीतून उतरवलं होतं. मी कागदावर रेघा मारून पाहिल्या. एकूण एक जागा पटत होती. त्या दिवशी मला या माणसापुढं आपण अगदीच अडाणी आहोत असं वाटलं.

पण वहीत एक भोक होतं. गोदीसाठी जागा मोजायला साहेब आणि कारकून गावात आले, तिथं एक प्रकरण संपत होतं. पुढचं पान उघडलं की एकदम लोक खाडीपलीकडे नव्या वस्तीत राहायला गेलेले, समुद्रात खुंट उरलेले नाहीत, आणि कर्ते बाप्ये गोदीत ओझी वाहतायत.

"मास्तर, मधलं पान राहिलं."

त्यांनी वही मिटली. शाळा सुटल्यावर आम्ही राजपुऱ्याच्या वाटेनं निघालो, तेव्हा सांगितलं.

साऱ्या पाणोशीत तेव्हा शिकलेला असा तांडेलांचा हा पोरगा एकटाच, एकोणीस वर्षांचा. प्रत्येक घरानं आपापली जागा चतुःसीमेसह लिहून द्यायची होती. गावानं याला मध्ये बसवलं. एकेक म्हातारा येई, सांगे, हा लिही आणि तो अंगठा उठवी. घर लिहिलं, अंगण लिहिलं, मासळी वाळवायची जागा लिहिली. मग जो तो म्हणे, "आता माझा खुंट लिही." समोर इस्त्रीच्या कपड्यातला मुंबईचा कारकून बसलेला. पूर्वेला पाणी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पाणी, अशी चतुःसीमा कोण लिहितं? कारकून हसेल, म्हणेल, शाळेत हेच शिकलास काय. याला लाज वाटली. यानं समुद्र लिहिलाच नाही.

"आणि त्यांना काय सांगितलंत?"

"लिहिलं म्हणून सांगितलं," मास्तर म्हणाले. "साठच्या साठ घरांना. पहिला अंगठा माझ्या बापाचा."

पुढं यंत्रानं खुंट उपटले. लोक कचेरीत गेले, तेव्हा साहेबानं कागद काढून दाखवले. कागदात समुद्र कुठंच नव्हता. आणि यातली सगळ्यांत वाईट गोष्ट ही की कुणालाही याचा संशय आला नाही. आपल्या पोरानं लिहिलंय म्हणजे लिहिलंयच. तेव्हा साहेबानंच कागद बदलला, असं गावानं धरलं आणि ते अजून धरून होते. वर्षाच्या आत मास्तर नोकरीचं निमित्त करून मुंबईबाहेर पडले ते पडलेच.

मी तेव्हा चाळिशीच्या आतला. आकडा चुकला तर खोडून बरोबर लिहावा, एवढंच मला येत होतं. म्हणालो, "मास्तर, ते पान लिहा. आणि वडील आहेत तोवर त्यांना स्वतः सांगा." हे सांगणारी माझी जीभ तेव्हा झडली असती तर बरं झालं असतं, असं पुढं कितीदा वाटलं.

त्याच हिवाळ्यात वडील बऱ्हाणपूरला आले. मास्तरांचा रेल्वेत कामाला असलेला एक पुतण्या त्यांना सोडून गेला आणि पंधरा दिवसांनी न्यायला येणार होता. जोमा तांडेल त्यांचं नाव. वाळून काटकी झालेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज असा की खालच्या मजल्यावर शेटजींची झोपमोड व्हावी. येताना त्यांनी लेकासाठी सुक्या बोंबलांचं गाठोडं आणलं होतं. ते सुटलं आणि साऱ्या गल्लीला कळलं. शेटजी नाकाला उपरणं लावून जिन्यात आले.

"मास्तर, हा काय वास येऊन राह्यला? कोनी मेलं-बिलं तं नाही?"

म्हातारा आतून ओरडला, "मेलेलाच हाय शेट! भाजून देव का दोन?"

शेटजी दोन पायऱ्या मागं सरले आणि मग त्यांनाच हसू फुटलं. म्हातारबुवा आहेत तोवर चालेल, असं म्हणून गेले. पंधरा दिवस त्या घरात बोंबील भाजले गेले. माझी बायको एरवी अंड्याचं नाव काढलं तर आंघोळ करणारी, पण तीही म्हाताऱ्याला भाकऱ्या धाडू लागली.

राजघाटावर नेलं तर म्हाताऱ्यानं तापीचं पाणी चाखलं आणि थुंकलं. "गोरा पाणी," म्हणाला, म्हणजे गोडं. "ह्याला भरती नाय?" दगडू भोयाचा चेहरा पडला. "बाबा, आमच्या मायले नावं नका ठेवू," म्हणाला. मग म्हाताऱ्यानं त्याच्या नावेच्या कडेवरून हात फिरवला, एक सांधा चाचपला आणि तो कसा भरायचा ते सांगितलं. दोघांची गट्टी जमली.

मी भेटायला गेलो की म्हातारा मला हाताला धरून बसवी. "गुरुजी, तुमी ह्याचे दोस्त, तुमाला सांगतंव. आमचे पोरान् सगला बराबर लिवलाता. समुंदर पन लिवलाता. सायबान् कागूद बदलला." मास्तर तिथंच चहा गाळत असत. गाळणं हातात तसंच राही आणि चहा कपाबाहेर जाई. हे मी एकदा नाही, चार-पाचदा पाहिलं.

दुपारी शाळा सुटल्यावर मास्तर बापाला वही वाचून दाखवू लागले. म्हातारा डोळे मिटून ऐके आणि जागच्या जागी दुरुस्त करी. "भिकाचा खुंट नाय त्यो. त्यो रामाचा. रामान् जावयाला दिला, म्हून भिकाचा बोलत." एकेक जागा ऐकताना तो हवेत हात करून कळस आणि शेंडा जुळवून पाही. सगळं गाव त्या दहा बाय बाराच्या खोलीत त्याला पुन्हा मिळालं होतं. ठरलं असं, की पुतण्या न्यायला आला की वही त्याच्याकडं द्यायची आणि त्यानं ती नव्या वस्तीत सगळ्यांना वाचून दाखवायची. म्हणून ते पान आधी बापाला सांगायलाच हवं होतं.

रविवारी मास्तरांनी मला मुद्दाम बोलावलं. "तुम्ही नुसते बसा," म्हणाले. पान आदल्या आठवड्यातच लिहून वहीत चिकटवलं होतं. त्यांनी वाचलं. "त्या दिवशी मी घरं लिहिली, अंगणं लिहिली, मासळीची जागा लिहिली. समुद्रातल्या जागा लिहिल्या नाहीत. कारकून हसेल म्हणून लिहिल्या नाहीत. आणि लिहिल्या असं गावाला सांगितलं."

म्हाताऱ्याचा हवेत उचललेला हात खाली आला. त्यानं एवढंच विचारलं, "हासला आस्ता त्यो?"

"हसला असता, बाबा."

म्हातारा भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. त्यानंतरचे दोन दिवस तो लेकाशी एक शब्द बोलला नाही. त्याच्या हातचं पाणीही घेतलं नाही. माझी बायको गेली तर तिच्या हातची भाकरी घेतली. मास्तर शाळेत येत, तास घेत. करीम दारात आला आणि काही न विचारता परत गेला. मला त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, कारण सांगा म्हणणारा मीच होतो.

तिसऱ्या दिवशी पुतण्या आला. आम्ही टांग्यानं स्टेशनवर गेलो. मुंबईच्या गाडीत तिसऱ्या वर्गात म्हाताऱ्याला खिडकीशी बसवलं. मास्तर फलाटावर उभे होते, वही छातीशी धरून. मी त्यांच्या बाजूला. म्हाताऱ्यासमोर सरकीचा एक व्यापारी बसला होता, त्यानं सहज विचारलं, "बाबा, गाव कौनसा तुमारा?"

"पाणोशी."

"किदर आया?"

"व्हता. आता गोदी हाय त्ये जागी." म्हाताऱ्याचा आवाज चढला. सगळ्या डब्यानं ऐकावं इतका चढला. "आमचे पोरान् समुंदर लिवलाता. ह्यो भाईर उबा हाय ना, मास्तर, ह्यान्. सायबान् कागूद बदलला."

पुतण्या मान डोलवत होता, त्याला हे लहानपणापासून पाठ होतं. व्यापारी म्हणाला, "सुनी हुई बात होगी, बाबा. इतने साल हुए."

"आयकलेला नाय!" म्हातारा म्हणाला. "मी उबा व्हतो. माजे डोल्यांनी देखला बदलताना. दर्याची आन!"

मास्तरांनी खिडकीचा गज धरला. "बाबा..." ते म्हणाले. म्हाताऱ्यानं चाचपत त्यांचा हात शोधला आणि दाबला. दोन दिवसांनी प्रथमच. आणि मान दुसरीकडं फिरवली.

शिट्टी झाली. पुतण्यानं खिडकीतून हात काढला. "काका, वही द्या." मास्तर तसेच उभे. गाडीला हिसका बसला तेव्हा त्यांनी वही उघडली, ते पान ओढून काढलं आणि वही पुतण्याच्या हातात दिली.

गाडी गेली. फलाट रिकामा झाला. मी म्हणालो, "मास्तर, असं का केलंत?"

"आमच्यात दर्याची आण खोटी कुणी घेत नाही, गणितवाले," ते म्हणाले. "बाबांनी कधी साधी बाजारातली थापसुद्धा मारली नव्हती. आता हे पान त्या वहीत गेलं असतं तर खोटं कोण ठरलं असतं?"

दुसऱ्या दिवसापासून मास्तर रजेवर गेले आणि त्याच आठवड्यात माझी खंडव्याला बदली झाली, निरोपही घेता आला नाही, म्हणून मला दिसतात ते अजून तिथंच, त्या फलाटावरच. टांगेवाला हाका मारत होता. मी चला म्हटलं तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी जिन्यापर्यंत जाऊन वळून पाहिलं. ते दोन्ही हातांत ते पान धरून उभे होते. ते मला म्हणाले की स्वतःला, ठाऊक नाही, पण मला स्पष्ट ऐकू आलं, "आता कुणाला सांगू?"